बांधावरची कणसं

माय, सकाळपासून एका कागदावर सही करायची राहिलीय आणि मी बसलेय तुला लिहीत. "पोरगी बियाण्याच्या हापिसात हाय," एवढंच तू लोकांना सांगायचीस. आता मी ज्वारीच्या दाण्यातच, त्याच्या जनुकात, बारीकसा बदल करते. पाण्याविना ज्वारीचं ताट, अख्खं रोप, जास्त दिवस तगावं म्हणून. असं बियाणं शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी कैक वर्षं तपासावं लागतं. ते नियम सैल करावेत का, यावर सध्या लई वाद चाललाय, आणि आमच्या संशोधन केंद्राचं मत मला आकड्यांसकट लिहून द्यायचंय. सही राहिलेला कागद तोच.

कळंबच्या वाटेवरचं आपलं रान आठवतं. काढणीच्या आधी तू कमरेला लुगड्याच्या चिंध्या खोचून उभ्या ज्वारीत शिरायचीस. ज्या ताटाला चिंधी बांधली, त्याचं कणीस खायचं नाही, बियाण्याला ठेवायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका साली मीही तीन चिंध्या बांधल्या, रानातल्या सगळ्यात टपोऱ्या कणसांना. तू येतेस, बघतेस, आणि तिन्ही सोडतेस. मग माझं तोंड बघून म्हणतेस, "बांधावरची हायेत ती, बाई. ऊन मोकळं, वारा मोकळा, वाटेकरी कुणी न्हाय. मोठी व्हणारच की. मधी शिर, दाटीत कोण भरलंय ते बघ." मला लई राग आला होता. दुपारी तू माझ्या भाकरीवर लोण्याचा मोठा गोळा ठेवलास, तरी मी तुझ्याकडं पाठ करूनच खाल्ली.

यंदा चाचणीच्या रानात आमच्या वाणाच्या मधल्या ओळी वाऱ्यानं आडव्या झाल्या. कडेच्या तेवढ्या उभ्या राहिल्या, भरल्याही झकास. केंद्राचे साहेब म्हणाले, "मॅडम, वारा काय दरसाल येतोय का? कडेचे आकडे घाला. नियमांपायी एवढं चांगलं वाण अडकून पडायला नको." त्यांचं सगळंच चूक नाही गं. हे बी लवकर रानात जावं असं मलाही मनापासून वाटतं. कडेच्या ओळी मोजायच्या नसतात हे मीच नव्या पोरींना शिकवते, आणि तरी ते आकडे मीच टाईप केले, छापूनही घेतले. त्याच कागदाच्या पाठीमागं हे लिहितेय, म्हणजे आता तो कुणाला देता यायचा नाही. उद्या मधल्या ओळी धरून नवा लिहीन. साहेब चिडतील, चिडू देत.

एक सांगायचं राहिलंय. चिंध्या तू सोडल्यास, पण ती तीन कणसं मी नंतर गुपचूप खुडून तुझ्या बियाण्यात घातली होती. पुढच्या साली एक पट्टा बारका आला. तू त्याच्याकडं बघत म्हणालीस, "माझीच नजर मंदावली म्हणायची," आणि त्यानंतर बी निवडायला तू दरवर्षी शेजारच्या काकूला बोलवायला लागलीस. मी तिथंच तुझा पदर धरून उभी होते, माय.