मांजराने उघडलेलं कुलूप

चिरंजीव,

तुझा काय, कुणाचाच यावर विश्वास बसणार नाही. पण माझ्या लॅपटॉपला तू घातलेलं लहान मुलांचं कुलूप आपल्या मांजराने उघडलं. मी खुर्चीत बसून नुसता बघत होतो.

लॅपटॉप नवा असताना तूच त्या रिकव्हरी डिस्क करून ठेवल्या होत्यास ना? त्यातली पहिली मी चालते का बघावी म्हणून सहज आत घातली. तेवढ्यात मांजर कीबोर्डवर चढलं. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसून लॅपटॉप दुकानातून आणला तसा करायचा का? मांजराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि 'हो'वर पंजा ठेवला. झालं! लॅपटॉप कोरा करकरीत, कुलूपही गेलं.

आता संध्याकाळी सात वाजले म्हणून तो आपोआप बंद होणार नाही, आणि माझा वजीर ऐन हल्ल्यात असताना तर नाहीच. बुद्धिबळात मी हरलो तर माझ्या चुकीने हरेन, तुझ्या घड्याळाने नाही. तू माझा मुलगा आहेस, हेडमास्तर नाहीस. नवा पासवर्ड फक्त मांजराला ठाऊक आहे आणि ते फुटायचं नाही. पुन्हा कुलूप घाल, मांजर इथेच आहे.

लॅपटॉप घेऊन वाचनालयात चाललोय. जेवायला थांबू नका.

तुझी आई मघापासून माझ्या खांद्यावरून हे वाचतेय. आत्ता म्हणाली, "अहो, मधेच लॅपटॉपने दुसरी डिस्क मागितली, ती मीच नाही का तुमच्या हातात दिली? मग ती आत घातली कुणी, मांजराने?"