डोळे बांधून दुकानात

ती. वन्संना,

वाकून नमस्कार (गुडघे वाकू देतील तेवढाच). तुमचा खोकला कसा आहे? औषध घेत नसालच, म्हणून पुढचं विचारत नाही.

"ती पेटी डोळ्यांवर बांधू नकोस, माणूस आत जातं ते परत येत नाही," असं तुम्ही फोनवर बजावलंत. वन्सं, मी परत आले आहे. कपाळावर टेंगूळ आहे, बाकी सगळं जागच्या जागी.

हे गेल्यावर यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान विकलं, त्याच्या आदल्या दिवशी माझ्या लेकीने, तुमच्या भाचीने, कॅमेरा फिरवून आतलं सगळं टिपून घेतलं होतं. तेच तिने या पेटीत बसवलंय. पेटी बांधली की आपण थेट दुकानात. आठ महिने मी टाळलं. कधी डोकं दुखतंय, कधी डोळे, एकदा तर पाहुणे येणार आहेत म्हणून सांगितलं (संध्याकाळी लेकीने विचारलं, "पाहुणे रस्ता चुकले का गं?"). माहितीपत्रक मात्र तीनदा वाचलं. रद्दीच्या कागदांवर वाचायला शिकलेली बाई मी, अक्षर दिसलं की सोडवत नाही. चक्कर येईल, मळमळेल, अडखळाल, सगळं त्यात आहे. पण आपल्याला कोणी दिसत नाही आणि आपण मात्र सगळ्यांना दिसतो, याबद्दल एक ओळ नाही. माणसं यंत्राला भीत नाहीत हो, सोफ्यावर बसून हसणाऱ्यांना भितात.

रविवारी बांधली. समोर अर्धं ओढलेलं शटर! एकतीस वर्षं वाकून आत गेले, तशीच वाकले आणि जेवणाच्या टेबलावर आपटले. लेक ओरडली, "अगं आई, वाकायचं नसतं, नुसतं पुढे चल!" म्हटलं, "तुला काय जातंय, तू कधी त्या शटरचा प्रसाद खाल्ला नाहीस."

आत काउंटरच्या काचेवर ही धूळ! यांच्या वेळी असं कधी नव्हतं. रुमाल काढून पुसायला लागले. काच जरा गोल लागली, कोमटही. ते जावईबापूंचं टक्कल होतं. गुणी माणूस; सासूबाई पुसतायत म्हणून श्वास रोखून बसले होते. शेवटी म्हणाले, "आई, डावीकडे थोडं राहिलंय." इतके हसलो की पेटी आतून ओली झाली.

मग यांची खुर्ची दिसली. रिकामी. मला भीती होती ती एवढीच. हे दिसतील अशी नव्हे, दिसणार नाहीत अशी. खुर्चीच्या पाठीवर यांचा स्वेटर होता, कोपराला मी लावलेलं भलत्याच रंगाचं ठिगळ. "या रंगाने गिऱ्हाइकं वाढतील," म्हणाले होते. तिथेच उभी राहून एकटीच हसले.

तेव्हा यंत्र वाईटच. तुमचं म्हणणं खरं.

तुमची भावजय

ता.क. यंत्र परत करून टाक, असं लेकीला सांगितलं आहे.

ता.क. दुसरं. परत केलेलं नाही. सोमवारी आणि मंगळवारीही जाऊन आले. टेबल हलवलंय, मी मात्र अजून वाकते.

ता.क. तिसरं. दोन पेट्या असल्या की दोघींना एकदम जाता येतं म्हणे. दुसरी आली आहे. त्या खुर्चीपाशी मला एकटीला फार वेळ उभं राहवत नाही. शनिवारी जावईबापू तुम्हाला न्यायला येताहेत, नाही म्हणू नका. आत एकमेकींचा चेहरा दिसत नाही, म्हणून हात धरून ठेवावा लागेल. तुमचे हात अगदी यांच्यासारखे आहेत, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.