लाटेत पायात राहतील अशा फिन्स

१२ नोव्हें.
उजवी फिन गेली. अंगठ्याच्या मुळाशी तडा होताच. आज तलावात शिंगाड्याच्या वेलात पातं अडकलं, मी जोर केला, आणि कट्. चंद्रपूरला पोहणं शिकवणाऱ्या ताईंनी वापरायला दिलेली जोडी. पायात घालून पोहायची, प्लॅस्टिकची, लांबच लांब. आता त्यांना काय तोंड दाखवू?
तलावाच्या पाळीवर, बांधावर, कपडे धुणाऱ्या बाया हसल्या. "बदकीनचा पाय मोडला वं!"
घरी आले तर मेसेज. पहिल्या फेरीत पास. दुसरी फेरी डिसेंबरच्या शेवटी, कोकणात, समुद्रात. त्यातही पास झाले तर जीवरक्षकाचं प्रशिक्षण, मग तिथल्याच किनाऱ्यावर नोकरी. लाटांच्या मागं पोहत जायचं, शिट्टी झाली की लाट पकडायची, तिच्यावर आडवं होऊन वाळूपर्यंत यायचं. फळी नाही, ट्यूब नाही. अंग आणि फिन्स. फिन्स आपापल्या आणायच्या.
पोलीस भरतीत उंचीने घालवलं. वनरक्षकच्या धावण्यात मागं पडले. पाण्यात मला कोणी मागं टाकत नाही. हेही गेलं तर

१३ नोव्हें.
कोकणातल्या सरांना फोन केला. तेच परीक्षा घेणार. म्हणाले, लांब फिन्स लाटेत कामाच्या नाहीत, टोक वाळूत रुततं आणि घोटा मुरगळतो. आखूड हव्यात. रबरी, कडक पात्याच्या, टाचेला पट्टा असलेल्या. घट्ट, पण न चावणाऱ्या.
म्हणजे कोणत्या, सर?
"ते तुझा पाय सांगेल."

१६ नोव्हें.
चंद्रपूर. पहिलं दुकान, दुसरं दुकान. क्रिकेट, कॅरम, व्यायामाची डंबेल्स. तिसऱ्यात लहान मुलांच्या निळ्या फिन्स होत्या, काऊंटरवाल्याने माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि स्वतःच हसला.
"मॅडम, इथी समुद्र कुठी हाय? तुमी वाघाचं काही मागा, टोपी हाय, टी-शर्ट हाय."
ताईंना तुटलेली फिन दाखवली. रागावल्या नाहीत. त्याने जास्त वाईट वाटलं.
परतीच्या बसमध्ये उभ्याने आले.

१८ नोव्हें.
वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली. माझे पाय मी असे कधी पाहिलेच नव्हते. पुढून पसरट, बोटं सुटी सुटी, टाच मात्र बारीक. लहानपणापासून धानाच्या बांधीच्या चिखलात अनवाणी, दुसरं काय होणार. नेटवरच्या तक्त्यात फक्त लांबी विचारतात. रुंदी कुठे भरायची?
माय वाकून बघत होती. "धान रोवन्याच्या पायाले कोन्तीच वहान बसत नाई वं. एक नंबर मोठी घे."
आमच्याकडे सगळं एक नंबर मोठंच घेतात. चिखलात रुतलं तर वहाण राहो, पाय निघावा. सरांना विचारलं. म्हणाले, समुद्रात उलटं. लाट आधी सैल फिन काढून नेते.
बरोबर मापाची मागवली. शिकवण्या घेऊन साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. परत-बिरत काही नाही.

२४ नोव्हें.
पार्सल आलं! कुरिअर गावात येत नाही, सिंदेवाहीला जाऊन आणलं. बसमध्येच फोडलं. काळं जाड रबर, आत मऊ, कडेला ताठ कणे. तळाला भोक, पाणी-वाळू निघून जायला. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय होय बाई थे? बैलाचं हाय का?"
पायात बसल्या. खरंच बसल्या. बोटं आवळली नाहीत, टाच हलली नाही. पायात घालून बसूनच राहिले, उतरायचं गाव जवळ आलं तेव्हा काढल्या.

२५ नोव्हें.
ऊन चढल्याशिवाय तलावावर जाता येत नाही. पाळीवर वाघाचे पंजे दिसलेत. तेवढा वेळ फिन्स मांडीवर.
पाण्यात गेले. दोन लाथांत निम्मा तलाव! डोंग्यातून जाळं ओढणारे बाबा थांबून बघत होते. जाळं ओढताना ते कुणासाठी थांबत नाहीत.

२८ नोव्हें.
देवरावभाऊ आले होते. मच्छीमार सोसायटीचे सचिव, बाबांचे लहानपणचे दोस्त. तलाव सोसायटीच्या ठेक्याचा. अंगणात बसून बाबांशी, पण ऐकवत मला.
"तुही पोट्टी पानी घुसळून राह्यली. मासोळी सारी पल्याड पळाली न."
बाबा : "पोट्टी घुसळते तं तू आपलं जाळं पल्याड टाक."
"तुह्याच पोरीचा तलाव होय का?"
"नाई. पन पोरगी माही होय."
शेवटी ठरलं, जाळं असेल त्या दिवशी मी नाही. म्हणजे आठवड्यातला अर्धा सराव गेला. वर टाचेला फोड, मीठ लागल्यासारखी आग. पट्टा घासतो. मायने पाहिलं.

३० नोव्हें.
बाबा जेवताना : "समुद्रच काऊन पायजे तुले?"
काय सांगू? गेल्या पोळ्याच्या पाडव्याला सांडव्याजवळ ती लहान पोर बुडाली, तेव्हा पाळीवर सगळे पोहणारे उभे होते. सगळ्यांनी उड्या टाकल्या. बाहेर काढलं आणि मग सगळे नुसते तिच्याभोवती उभे. छाती कशी दाबायची, तोंडात श्वास कसा द्यायचा, कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. बी.ए.ला असलं काही नव्हतं. हे शिकायचं, परत यायचं, गावोगावच्या तलावांवर शिकवायचं. पण शिकवायला आधी सर्टिफिकेट लागतं, आणि त्याची वाट समुद्रातून जाते.
एवढं सगळं बोलले नाही. म्हटलं, शिकायचं आहे.
बाबा : "शिक. पन या बारीले नाई झालं तं तुह्या लग्नाचं वरोऱ्याच्या पाव्हन्याईले हो म्हनतो. किती दिवस थांबवू त्याईले?"
मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

३ डिसें.
मावशीचा धान कापायचा राहिलाय, माणसं मिळत नाहीत. चार दिवस तिकडे. टाचही तेवढी भरून येईल. फिन्स घरी ठेवून जाते, तिथं उंदीर फार.

७ डिसें.
कसं लिहू?
आल्या आल्या माय हसत म्हणाली, "पाह्य तं, कशा लोन्यावानी झाल्या फिना!"
मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. मी गेल्यापासून रोज. रोज तेल चोळून उन्हात, मग रात्री चुलीच्या वर, उबेला. नवी कातड्याची वहाण आमच्या घरी अशीच करतात, तेल पाजल्याशिवाय कुणी पायात घालत नाही. बाबांच्या, आज्याच्या, सगळ्यांच्या. पाय चावू नये म्हणून. माझी टाच पाहून तिने स्वतःच्या भेगांसाठी ठेवलेली बाटली रिकामी केली.
हे कातडं नाही, माय. रबर आहे. तेल प्यायलं, फुगलं. पायाचा कप्पा हाताने दाबला तर बोटाचा खड्डा राहतो. पट्टा ओढला की लांबतो आणि तसाच राहतो.
ती तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, छान झाल्या.

८ डिसें.
साबण. राख. मग धानाच्या कोंड्यात पुरून ठेवल्या, कोंडा तेल ओढेल म्हणून. कोंडा तेलकट झाला, फिन्स तशाच. तलावात तिसऱ्या लाथेला डावी निघून पाण्यावर तरंगत होती.
नवीन मागवायला पैसे नाहीत. मैत्रिणीकडून उसने मिळतील, पण तो नंबर संपलाय, आणि दुसऱ्या कंपनीची येणार जानेवारीत. तोवर सगळं झालेलं असेल.
बाबांना कळलं. तलावावर फिन हातात घेऊन वास घेतला, बस्. घरी येताना म्हणाले, "तुह्या मायले सांगजो नको."

११ डिसें.
पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब. कापून टाचेवरून घोट्याला दोनदा गुंडाळली. निघत नाही. घोटा बधिर होतो, पण निघत नाही.
तलावात. तलावात तर काहीच हलत नाही! लाट कुठून आणू?

१४ डिसें.
आज हसले. खूप दिवसांनी.
बाबा आणि देवरावभाऊ दोघेही डोंगे घेऊन आले. मासे जाळ्याकडे हाकायला बांबूने पाणी बडवतात ना, तसं. मी मध्ये, दोन्ही बाजूंनी दोघे बडवताहेत, ओरडताहेत.
देवरावभाऊ : "घे वं! घे तुही लाट! कोकनातून आनली!"
"भाऊ, ही गुडघ्याएवढीपण नाही!"
"मंग गुडघ्यावर ये न!"
गडबडीत त्यांचाच डोंगा कलंडला. बाबा बांबू टेकवून हसत राहिले. भाऊ ओले चिंब, तरी बडवत होते. ट्यूब टिकली. त्या लाटांत.

२० डिसें.
बॅग भरली. मायने फिन्स जुन्या लुगड्यात गुंडाळून दिल्या. शेजारणीला सांगत होती, "म्या तेल लावून देल्लं, आता नाई चावत तिले." मी आत भांडी आवरत उभी.
नाही सांगू शकत. नाहीच.

२७ डिसें.
पोचले. दोन गाड्या बदलून, मग बस. अंगाला डब्याचा वास.
समुद्र. आवाज थांबत नाही. मला वाटलं होतं लाट येते आणि जाते. इथं एक येते तोवर मागची उठलेली असते. पाण्याला सुट्टी नाही.
खोलीत सायली आहे, मालवणकडची. तिचे वडील होडीवर असतात. माझ्या फिन्स बघून तिने ट्यूबला हात लावला. "ह्या काय गो? जखम बांधलंस?"

२८ डिसें.
पहिल्याच लाटेत डावी गेली.
ट्यूब राहिली घोट्याला, फिन गेली. लाटेने पाय पकडून मोज्यासारखी ओढून काढली. एका पायाने लाथ मारली तर आडवी फिरले, तोंडात वाळू, वर कुठे खाली कुठे कळेना. हातांनी पोहत आले. सगळ्यांत शेवटी. फिन नंतर दूर वाळूवर मिळाली, कुणाच्या तरी कुत्र्याने आणली.
सर ओरडले नाहीत. फिन पिळल्यासारखी दाबली. "याला काय लावलंस?"
तेल.
"कोणी सांगितलं?"
मीच लावलं, सर.
"उद्या दुपारी सगळ्यांना अजून एकदा सोडणार, तीच शेवटची संधी. याच्यावर नाही. दुसऱ्या आण कुठून तरी. नाही मिळाल्या तर बॅग भर, उगाच जीव घालवायला मी पाण्यात सोडणार नाही."

मायचा फोन. "चावल्या तं नाई न?"
नाई.
"मंग आवाज असा काऊन येऊन राह्यला?"
समुद्राचा आहे, माय. इथं असंच येतं.
"तेल पायजे का? टोळीचं सरलं, पन मी पाहतो कोनापाशी."
नको म्हटलं. फोन ठेवून नळ सोडून रडले.

२९ डिसें., सकाळ
गावातली दोन दुकानं पाहिली. पर्यटकांसाठीच्या लांब प्लॅस्टिकच्या. ताईंच्या होत्या तशाच. एक हातात घेतली आणि ठेवून दिली.
परत आले तर सायलीने तिची जोडी माझ्या अंथरुणावर ठेवलेली. जुनी, आखूड, कडक. कडा झिजलेल्या पण कुठे चीर नाही.
"माझा झाला की तू घे."
तू मला का देतेस? जागा थोड्या आहेत.
"आता इचारू नको गो. घालून बघ पयली."
पुढून शिरेना. साबण लावून शिरवली. करंगळीचं हाड आणि अंगठ्याचं हाड दोन्हीकडून चेपतं. सायली माझ्या पायाकडे बघून, "तुझे पाय म्हणजे होडी गो!" मग हसायची थांबली, कारण मी उभी राहिले आणि खाली बसले.
टाच मात्र हलत नाही. तसूभर नाही.

दुपार, वाळूवर
सायली झाली. मस्त आली. लाटेच्या तोंडावर मान वर, एक हात पुढे, सरळ सरांच्या पायापाशी. पळत आली, फिन्स काढून माझ्या पुढ्यात टाकल्या, धापा टाकत म्हणाली, "लवकर लाथ मार, लाट पाठी यायच्या आधी."
करंगळीवर चिकटपट्टी लावली होती. वाळूने निघाली. दुसरी लावली. कातडी सोलली आहे, मिठाचं पाणी लागलं की डोळ्यांत पाणी येतं. सरांनी पाहिलं.
"याच्यात पाय मारता येईल?"
येईल म्हटलं.
"खरं सांग. तिथं मागं गेल्यावर क्रॅम्प आला तर मी येईपर्यंत तू एकटी आहेस."
खरं काय ते मला ठाऊक नाही. पूर्ण लाथ मारली तर उजवा पाय किती वेळ ऐकेल, माहीत नाही. या फिन्स घालून मी अजून एकदाही पोहले नाही. म्हटलं, सर, निघणार नाही, एवढं नक्की.
"जा. दुखलं तर हात वर कर. लाजू नको."
माझ्या आधी एकच मुलगा आहे, तो आत गेला. उजवी घातली. डावी घालतेय. सायलीने पट्टा ओढून दिला, वही तिच्याकडे देते आहे. तो मुलगा लाटेच्या मागे गेला, शिट्टी झाली, आता तो लाटेवर आहे. पुढची शिट्टी माझी.