पट्टी कोण धरणार

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, पण अक्षर नीट काढायचं. तीन निश्चय: रोज पाच मैल चालणे, गोड बंद, मूर्खांशी वाद बंद. बाहेर उणे चोवीस. चालणं उद्यापासून.

दुपारी
बातमी पक्की. १४ मार्चला आमच्या हॉस्पिटलातलं पापणीतून होणारं पहिलं ऑपरेशन. वरच्या पापणीत छेद घ्यायचा, डोळा अलगद बाजूला सारायचा, मागचं हाड कोरायचं आणि कवटीच्या तळाची गाठ काढायची. मुख्य सर्जन मी की डोळ्यांची डॉक्टर इंग्रिड, ते आमचे प्रमुख क्विम्बी ठरवणार. यात ठरवायचं काय आहे? मी मेंदूचा सर्जन, एकवीस वर्षं. ती पापण्या शिवते.

४ फेब्रुवारी
पेशंट मिसेस हाल्वरसन. शाळेची बस चालवतात. गाठ बोराएवढी. मी सगळं चित्र काढून समजावलं. सगळं ऐकून विचारतात काय, तर डोळा परत जागच्या जागी ठेवाल ना, एप्रिलमध्ये बस चालवायचीय. अशा लोकांसाठी आपण शिकलो.

इंग्रिडची पद्धत पाहिली. डोळा सारायला एक वाकणारी धातूची पट्टी, ती माणसाने हातात धरायची. नर्स मार्लिस घड्याळ घेऊन उभी. दर पाच मिनिटांनी ती म्हणणार, सोडा. मग पट्टी सैल करायची, डोळ्याची बाहुली तपासायची, पुन्हा धरायची. ऑपरेशन आहे की अंडी उकडताय?

९ फेब्रुवारी
उपाय सापडला. टेबलाला स्क्रूने बसवायचा तीन सांध्यांचा दांडा. न थकणारा, न सोडणारा. नाव माझ्याच आडनावावरून: प्रिचेट बाहू. मेव्हणा ड्वेन गोठलेल्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांसाठी गळाच्या काठीचे स्टँड बनवतो, त्याने गॅरेजमध्ये करून दिला. मार्लिसने पाहिला आणि म्हणाली, डॉक्टर, ह्याला गळ कुठे लावायचा? हिची बदली करायला हवी.
क्विम्बींना दाखवला. तिन्ही सांधे हलवून पाहिले, मग म्हणाले, वेगळंच आहे हो काहीतरी. या गावात अकरा वर्षं काढली, एवढं कौतुक कुणाचं ऐकलं नाही.

१७ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत देहदानातून आलेल्या डोक्यावर चाचणी. अपूर्व! डोळा लोण्यासारखा सरकला. अठरा मिलिमीटर! इंग्रिड दहाच्या पुढे जात नाही. चाळीस मिनिटं एकदाही न सोडता. बस उभी करावी एवढी जागा.
प्रयोगशाळेतला डेल्बर्ट मध्येच म्हणाला, डॉक्टर, आधी डोळ्यात पाणी भरून घेऊ का, इंग्रिड मॅडम नेहमी भरायला लावतात. मेलेल्याच्या डोळ्यात पाणी! आणि तेही मॅडम सांगतात म्हणून! मी म्हटलं, माझा वेळ खाऊ नकोस. तो म्हणाला, बरं, तुम्ही म्हणाल तसं. इथे मूर्ख माणूससुद्धा नम्र असतो, हीच अडचण.
आनंदात दोन डोनट. निश्चय आज स्थगित.

२७ फेब्रुवारी
उद्या सर्वांसमोर प्रात्यक्षिक. भाषण तयार, एकोणीस मिनिटांचं. इंग्रिडबद्दल एक दयाळू वाक्य घातलंय.

२८ फेब्रुवारी, दुपारी २
डोकं निकृष्ट दर्जाचं होतं.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
घडलं ते लिहून ठेवतो, कारण लोक तिखटमीठ लावतील. डेल्बर्टने सकाळीच दोन्ही डोळ्यांत सुईने मिठाचं पाणी भरून ठेवलं होतं. म्हणे, मेल्यावर डोळा सुकून बसतो, जिवंत डोळ्याइतका ताठ करायचा तर पाणी भरावंच लागतं. म्हणे, डोळ्यांच्या डॉक्टरांना हे पहिल्या वर्षी शिकवतात. मेंदूवाल्याला कोण सांगणार?
बाहू सात मिलिमीटरवर अडला. मी स्क्रू आवळला. अजून आवळला. इंग्रिड म्हणाली, लोवेल, पुरे, सोड. मी अर्धा फेरा दिला.
पाणी क्विम्बींच्या टायवर उडालं. मार्लिसने घड्याळ पाहून जाहीर केलं, दोन मिनिटं दहा सेकंद. क्विम्बी टाय पुसत म्हणाले, हं, हे वेगळंच झालं.
बाहू दाखवला तेव्हा आणि आज, ‘वेगळंच’ हा शब्द ते दोन्ही वेळा एकाच सुरात म्हणाले. विचार करायला हवा.

५ मार्च
मुख्य सर्जन इंग्रिड. पण तिने मदतीला मलाच मागितलंय. म्हणाली, तुझा हात स्थिर आहे, तेवढं मात्र खरं. उशिरा का होईना, गुणांची पारख.
ड्वेनने बाहू परत नेला. म्हणतो, काठी काय सुरेख बसते!

१४ मार्च, संध्याकाळी ६
गाठ निघाली. पूर्ण.
मी पट्टी धरली. साडेतीन तास. मार्लिस म्हणाली सोडा, मी सोडली. पुन्हा धरली. सोडा. धरली. एकेचाळीस वेळा. एकदा मला चार सेकंद उशीर झाला, तर सगळ्यांसमोर म्हणाली, सोडा हो डॉक्टर, मासा नाहीये तो. आणि बाहुली पाहिली, तर खरंच जराशी मोठी झाली होती. सोडल्यावर परत लहान झाली. नुसत्या पट्टीच्या दाबाने असं होतं, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.
चार वाजता मिसेस हाल्वरसन शुद्धीवर आल्या. दोन्ही डोळ्यांनी दिसतंय. भिंतीवरचं घड्याळ वाचलं, मार्लिसच्या स्वेटरचा सुटलेला टाका दाखवला. ऑपरेशन कुणी केलं विचारलं, तर सगळ्यांनी इंग्रिडकडे बोट केलं. मी पुढे सरकलो. मग माझ्याकडे पाहून विचारलं, आणि हे कोण?
मार्लिस म्हणाली, हे ना? हे आमचे स्टँड.
बाईंनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. अंगठा सुजलाय, म्हणून थोडक्यात लिहितोय.
पुढचं ऑपरेशन बावीसला. इंग्रिडने पुन्हा मलाच मागितलंय.