बागेला नेसवलेली लुगडी

ती. आबा,

वादळ आपल्या चोपड्यावर येईल की वळून जाईल? घरातली पहिली पदवीधर असूनही मला सांगता येत नाही. इशारा आज संध्याकाळचा आहे आणि केळीचे घड भरत आलेत. सुरतेत तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

शेजारचे अभिमननाना हसले, "पोरी, वारा काय तुना मोबाइलले ईचारीसन येस का?" तरी खोडं बांधायला तेच पहिले आले. दोरी संपली, तेव्हा वच्छलाअक्कांनी जुनी लुगडी आणली. "फाड वं बिनधास्त!" बायकांनी हसत-गात खोडाला खोड बांधलं. बाग लग्नघरासारखी दिसतेय.

शेवटची ओळ तेवढी राहिली होती. मुलगा ठरायच्या आधीच तुम्ही घेऊन ठेवलेला माझा शालू आज सकाळी मी स्वतः फाडून तिला बांधला.

तुमची,
नूतन