परिच्छेद सातमधील तिसरे वाक्य

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
माननीय अध्यक्ष,
मृत्यू चौकशी समिती (सोनटेकडी ग्रामीण रुग्णालय प्रकरण),
जिल्हा अहिल्यानगर.

अर्जदार : श्रीमती झुंबरबाई बिभीषण गर्जे, वय ४६, धंदा शेती व ऊसतोड, रा. तांबडगव्हाण.

विषय : समितीच्या अहवालातील एका वाक्यात अर्जदाराचे बोलणे पुरते लिहिण्याबाबत.

संदर्भ : १) समितीचा अहवाल, दि. १४ जानेवारी २०२५, परिच्छेद ७.
२) अर्जदाराची सुनावणी, दि. ८ जुलै २०२५.
३) अर्ज दप्तरी दाखल केल्याचे आपले पत्र, दि. १९ सप्टेंबर २०२५.

महोदय,

१. वरील विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार झुंबरबाई यांना लिहिता-वाचता येत नाही. हा अर्ज त्यांनी सांगितला आणि त्यांच्या मयत मुलीला मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापक श्रीमती दीना साळवे, रा. सावेडी, यांनी लिहून घेतला. झुंबरबाईंचे बोलणे जिथे आले आहे तिथे ते जसेच्या तसे ठेवले आहे. ते शुद्ध करू नये, ही पहिली विनंती.

२. झुंबरबाई आणि त्यांचे पती बिभीषण दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. गेल्या वर्षी बिभीषण पुढे गेले होते. कापसाची शेवटची वेचणी उरकून झुंबरबाई आठ दिवसांनी जाणार होत्या. मुलगी राजेश्वरी नगरला एम.ए.च्या पहिल्या वर्षात होती. आईला हातभार म्हणून ती दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती.

दि. ३ डिसेंबर २०२४ रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, पडवीतला कापूस गोणीत भरताना राजेश्वरीच्या हाताला नाग चावला. शेजारचे बजरंग यांनी मोटारसायकल काढली. राजेश्वरी मध्ये आणि तिला कवळ घालून झुंबरबाई मागे, असे तिघे निघाले. वाटेत राजेश्वरीच्या पापण्या मिटायला लागल्या. "आई, मला तू दोन-दोन दिसतीस," एवढे ती बोलली. पुढे तिची जीभ जड झाली. मान दोनदा मागे कलंडली आणि दोन्ही वेळा तिच्या घशातून घरघर आली. झुंबरबाईंनी गाडी थांबवून ती सरळ केली, तेव्हा श्वास चालला.

३. सहा वाजून वीस मिनिटांनी ते सोनटेकडीला पोहोचले. डॉक्टर नव्हते. नागाच्या विषावरची लस कपाटात होती, परंतु डॉक्टरांच्या आदेशाशिवाय ती देता येत नव्हती आणि डॉक्टर फोन उचलत नव्हते. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती. परिचारिका म्हणून कामावर एकट्या सविता होत्या. तिथल्या एका कर्मचाऱ्याने सांगितले, की जशी आणली तशीच मोटारसायकलवर नगरला घेऊन जा, इथे वेळ घालवू नका. तेव्हा झुंबरबाई जे बोलल्या ते असे :

"न्हाई, फटफटीवर न्हाई हलवायची मी तिला. मान पडती तिची, धरली तरी पडती, शास अडकतो. गाडी बोलवा. गाडीत जागा नसंल तर मी मागनं पळत येते."

बजरंग रस्त्यावर गाडी शोधायला धावले. सात वाजून दहा मिनिटांनी कांद्याचा एक टेम्पो मिळाला. नगरच्या अलीकडे, टेम्पोत, आईच्या मांडीवर राजेश्वरी गेली. पावणेआठ वाजले असावेत. झुंबरबाईंनी ते कोणाला सांगितले नाही. टेम्पोवाला गाडी हळू करील असे त्यांना वाटले.

४. पाचव्या दिवशी तालुक्यातले एक पुढारी सांत्वनाला आले. चावडीसमोर माईक लावला होता. "राजेश्वरी ही माझीच लेक होती. दोषी कितीही मोठा असो, त्याची गय केली जाणार नाही," असे ते म्हणाले. झुंबरबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांनी ते खरे धरले. कोणाला फासावर द्या असे त्यांच्या मनात नव्हते. डॉक्टर त्या दिवशी कुठे होते, एवढे कोणीतरी विचारील, असे त्यांना वाटले.

महाविद्यालयातही शोकसभा झाली. "न भरून येणारी हानी" असा ठराव झाला आणि प्रा. साळवे तो घेऊन तांबडगव्हाणला आल्या. त्यांनी तो वाचून दाखवला. झुंबरबाईंनी विचारले, "हे तुमी मनानं लिवलं का, बाई?" प्रा. साळवे यांना खोटे बोलता आले नाही. "नाही. असंच लिहायची पद्धत आहे. मागच्या दोन ठरावांतही हेच शब्द होते," असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी ठराव घडी करून पिशवीत ठेवला आणि राजेश्वरी वर्गात कुठे बसायची, काय विचारायची, ते सांगत संध्याकाळपर्यंत तिथेच बसल्या. त्या दिवसापासून झुंबरबाई त्यांना कागद दाखवतात.

५. अहवाल जानेवारीत आला. परिच्छेद ७ पुढीलप्रमाणे आहे :

"रुग्णाच्या नातेवाईकांना परिस्थितीची कल्पना देण्यात आली. रुग्णास जिल्ह्याच्या ठिकाणी हलविण्याचा सल्ला देण्यात आला. मात्र मृताच्या आईने रुग्णास हलविण्यास स्पष्ट नकार दिला. परिणामी उपचारास विलंब झाला."

पहिले वाक्य ऐकून झुंबरबाई म्हणाल्या, "ही कल्पना कोन? तिथं तर एकच शिस्टर हुती, तिचं नाव सविता." प्रा. साळवे यांनी अर्थ सांगितला. त्यावर झुंबरबाईंनी विचारले, "मग कुनी दिली ती?" अहवालात याचे उत्तर नाही.

महोदय, या अहवालात एकूण एकेचाळीस वाक्ये आहेत. प्रा. साळवे यांनी ती तीन वेळा वाचली. डॉक्टरांबद्दल "वैद्यकीय अधिकारी उपस्थित नसल्याचे आढळून आले" असे आहे. लस "देता आली नाही" आणि रुग्णवाहिका "उपलब्ध होऊ शकली नाही". सल्ला देण्यात आला, नोंद घेण्यात आली, खेद व्यक्त करण्यात आला. हे सगळे कोणी केले ते कुठेच नाही. एकेचाळीस वाक्यांत स्वतःहून काही करणारे माणूस एकच आहे. ते परिच्छेद सातच्या तिसऱ्या वाक्यात आहे आणि ती मुलीची आई आहे.

नंतर त्याच पुढाऱ्यांना झुंबरबाई भेटायला गेल्या. "अहवालातून वस्तुस्थिती समोर आली आहे, आता विषय वाढवू नका," असे त्यांनी सांगितले.

६. राजेश्वरी एम.ए.च्या प्रकल्पासाठी याच कामाला लागली होती. वस्तीतल्या बायकांनी कचेरीत काय सांगितले आणि कागदावर काय उतरले, हे ती वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवत असे. शेजारच्या भीमाबाई सांगायला गेल्या होत्या, "दारू पिऊन मारतो, आज पोटात लाथ घातली." कागदावर लिहिले गेले, "कौटुंबिक कारणावरून किरकोळ वाद." अशा सतरा नोंदी वहीत आहेत. वस्तीतले अर्ज तीच लिहून द्यायची आणि लिहिलेले दोनदा वाचून दाखवायची. आपल्या आईसाठी लिहायला ती नाही, म्हणून परक्या बाईला सावेडीहून दोन एसट्या बदलून यावे लागते, याचे झुंबरबाईंना वाईट वाटते.

७. आता ज्या कारणाने हा अर्ज पुन्हा करावा लागला ते.

बिभीषण यांना मृत्यूची बातमी टोळीवर कळली. ते अंत्यविधीला पोहोचले, तेराव्यापर्यंत राहिले. त्या तेरा दिवसांत दोघे एका ताटात जेवत होते, कारण एकट्याला घास जात नव्हता. मग ते परत गेले. महिनाभराने झुंबरबाईंनी मागून यायचे ठरले होते. तेवढ्यात गावातून कोणीतरी अहवालाच्या पानाचा फोटो टोळीवर पाठवला. बिभीषण यांनाही वाचता येत नाही. टोळीचे मुकादम मच्छिंद्र यांनी तो उसाच्या फडात सगळ्यांसमोर वाचला. बिभीषण यांचा फोन आला.

"तू न्हाई म्हनलीस का?"

"व्हय, म्हनले. पर..."

फोन बंद झाला. 'पर'च्या पुढचे ऐकायला ते थांबले नाहीत, कारण कागदावर त्याच्या पुढे काही नव्हते. पाडव्याला टोळ्या घरी आल्या, ते आले नाहीत. ते बहिणीकडे उतरले. या हंगामालाही तिकडूनच गेले, एकटे, अर्धा कोयता म्हणून. झुंबरबाईंचा फोन ते उचलत नाहीत. पाणवठ्यावर बायका झुंबरबाईंना आधी हंडा भरू देतात आणि त्या जाईपर्यंत आपसांत बोलत नाहीत.

८. झुंबरबाईंच्या पहिल्या अर्जावर दि. ८ जुलै रोजी आपल्यासमोर सुनावणी झाली. आपण समजुतीने घेतलेत, पाणी विचारलेत, याबद्दल झुंबरबाई आपल्या आभारी आहेत. परंतु त्या मोटारसायकलवर कशा बसल्या होत्या हे सांगू लागल्या, तेव्हा आपण म्हणालात, "बाई, तुम्ही 'नाही' म्हणालात की नाही, एवढंच सांगा. हो किंवा नाही."

"व्हय," असे त्या म्हणाल्या. त्यांना दुसरे काही म्हणता येत नव्हते. आपल्या टिपणीत त्याचे असे झाले : "अर्जदाराने नकार दिल्याचे मान्य केले आहे. सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे." अर्ज तिथेच मिटला. आधी त्यांच्या नावावर एक वाक्य होते. आता दोन झाली.

९. या दिवाळीत परिचारिका सविता तांबडगव्हाणला आल्या. त्या घरात आल्या नाहीत, उंबऱ्यावरच बसल्या. झुंबरबाईंनी त्यांना चहा दिला. मग त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही गाडी मागत होता. मी तिथंच होते, सगळं ऐकलं होतं. समितीला मी तसंच सांगितलं. साहेब म्हणाले, थोडक्यात सांगा. मग माझंही थोडक्यात लिहिलं गेलं आणि मी सही केली."

झुंबरबाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. "तू तरी काय करशील, पोरी," असे म्हणाल्या. सविता यांची नेमणूक कंत्राटी असून ती मार्चमध्ये नव्याने व्हायची आहे. हे प्रा. साळवे यांनी त्यांना दोनदा बोलून दाखवले. तरीही त्यांनी आपले पूर्ण निवेदन स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली आहे. त्यांच्या नेमणुकीवर याचा परिणाम होऊ नये अशी झुंबरबाईंची हात जोडून विनंती आहे. आणखी कोणाची लेकरे उपाशी राहावीत असे त्यांना वाटत नाही.

१०. सबब विनंती की :

परिच्छेद ७ मधील तिसरे वाक्य काढून त्या जागी झुंबरबाईंचे वर परिच्छेद ३ मध्ये दिलेले बोलणे, एकही शब्द न गाळता, न बदलता घालावे. पहिल्या दोन वाक्यांत कल्पना आणि सल्ला कोणी दिला त्याचे नाव घालता आले तर घालावे. न आल्यास तसे लिहावे. त्यांना भरपाई नको. कोणावर कारवाई करा असेही त्यांचे म्हणणे नाही.

११. अर्ज पुरा झाल्यावर तो झुंबरबाईंना सावकाश वाचून दाखवला. परिच्छेद १० च्या शेवटी प्रा. साळवे यांनी स्वतःहून एक वाक्य लिहिले होते, की या घटनेत अर्जदाराचा कोणताही दोष नाही. तिथे झुंबरबाईंनी वाचन थांबवले.

"ते काढा, बाई."

"का? खरंच आहे ते."

"दोष न्हाई, असं मी कशी म्हनू? लुगड्यानं माझ्या अंगाला बांधून न्हेली असती तर पोचली असती का, हे मला अजून ठावं न्हाई. रोज इचारते मी. ते कुनी लिवून न्हाई मिटायचं. तुमी निस्तं मी काय म्हनले तेवढं लिवा."

प्रा. साळवे यांनी ते वाक्य खोडले. मूळ प्रतीवर खाडाखोड दिसते ती त्याची आहे. तिच्याखाली झुंबरबाईंनी अंगठा उठवला आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)
झुंबरबाई बिभीषण गर्जे

अर्ज लिहून देणार : दीना साळवे (सही)
साक्षीदार : सविता, परिचारिका (सही)

सोबत :
१) अहवालाच्या परिच्छेद ७ ची छायाप्रत.
२) परिचारिका सविता यांचे हस्तलिखित निवेदन, दोन पाने.
३) राजेश्वरीच्या वहीतील नोंदींची छायाप्रत. मूळ वही आईजवळ आहे, ती मागू नये.

प्रत रवाना :
श्री. बिभीषण गर्जे, मुकादम मच्छिंद्र यांची ऊसतोड टोळी. मुकादमांना विनंती, की त्यांनी हा अर्ज बिभीषण यांना एकट्याला बसवून वाचून दाखवावा. परिच्छेद ३ दोनदा वाचावा.