शस्त्रक्रिया कोणी केली?

प्रिय दादा,

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. सोमवारी आपल्या कणकवलीच्या रुग्णालयात हौसाबाईंच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तुझ्या टिपणात सर्जन म्हणून तुझे नाव आहे. भूलतज्ज्ञांच्या नोंदीत मात्र तुझ्या सहकारी सर्जनचे, डॉ. चंदनचे. विम्याच्या बिलांचे कोडिंग, म्हणजे उपचारांना संकेतांक देणे, मी करते. कागद जुळत नसतील, तर तर्क न लढवता डॉक्टरांना विचारायचे, हा आमच्या कामाचा नियम. म्हणून मी विचारले. तू हसलास.

"माजा नाव घाल गो! इतकी चौकशी तुका कित्याक होयी?"

हसताना तुझ्या कपातला चहा बशीत सांडला. तुझा उजवा हात थरथरतो, हे मी गणपतीपासून पाहते आहे.

चंदनने ऐनवेळी तुझी जागा घेतली असेल, तर तो योग्य वागला. लपवलेस तू. उद्या बाबलीकाकांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे, आणि "माज्या पुतण्याचो हात" एवढ्याच भरवशावर ते मालवणहून येत आहेत.

याआधीची दोन पत्रे मी भाषा सदोष म्हणून फाडली. भाषेत दोष नव्हता. मला तुझ्या उत्तराची भीती वाटत होती.

उद्या शस्त्रक्रिया कोण करणार, हे आधी काकांना सांग आणि मला लेखी कळव. तोंडी उत्तर मी स्वीकारणार नाही.

तुझी बहीण,
शर्मिला